काटे काढलेलं बोईट

"आई, यात नोट नाहीये." सोनलने टॅबलेट सासूच्या, पुतळाच्या तोंडासमोर धरला. "बोईटाचं कालवण एक, भाकरी एक. काटे काढून द्या, असं कुठं लिहिलंय?"

पुतळाला वाचता येत नव्हतं, पण 'नमिता' हे नाव ती आकारावरून ओळखायची. दोन वर्षं दर बुधवारी साडेबाराला ते यायचं आणि खाली तीच ओळ : काटे काढून द्या, आईला दिसत नाही. ही नमिता कोण, राहते कुठे, हे जेवण मागवायचं ॲप सांगत नसे. म्हातारीला तर नावही नव्हतं. तरी पार्सल गेलं की पुतळा म्हणायची, "चला, माजी म्हातारी जेवली."

सारसोळ्याच्या जेट्टीवर तीस वर्षं मासळी विकली, तेव्हा गिऱ्हाइकाचं तोंड दिसायचं. भाव पाडणारं, नाक मुरडणारं, पण तोंड. आता घरच्या ओट्यावरून जेवण जातं आणि येतात नुसत्या टॅबलेटवर पाचपैकी चांदण्या.

गेले तीन बुधवार ते नाव आलं नव्हतं. आज आलं. ओळ नाही, भाकरीही दोनऐवजी एक.

"लिवायला इसरली आसंल," म्हणत पुतळाने बोईट ताटलीत घेतलं आणि बोटांनी काटे शोधायला लागली.

"वीस मिनिटं असतात आई, चौदा गेली. उशीर झाला की ॲपच्या यादीत आपलं नाव खाली टाकतात. एवढं खाली कोण बघायला येतंय? बंदच समजा."

"मंग फोन लाव नी इचार. पार्सल पोचेपरत लागतो ना?"

"लागतो. पण काय विचारू?"

पुतळा पुढचा काटा शोधू लागली. म्हातारी हाय ना, असं फोनवर कसं विचारायचं?

दारात पार्सल न्यायला आलेला युसुफ हेल्मेट काखेत घेऊन उभा होता. पन्नाशीचा, पेणकडचा. "मावशी, रिक्षा असती तर वेटिंग लावला असता."

"झालंच रे. दार उघडलं की जरा आत बग. म्हातारी दिसते का."

"मावशी, मी डिलिव्हरीवाला. जनगणनावाला नाय."

हसत तो गेला. पार्सल नऊ मिनिटं उशिरा निघालं होतं.

दोनच्या सुमाराला टॅबलेट वाजला. एक चांदणी, आणि फोटो. सोनलने वाचून दाखवलं, "मासा नुसता चुरा. आता काटे काढायची गरज नाही, तसं लिहिलंही नव्हतं."

सोनलचा आवाज शेवटी शेवटी बारीक झाला. पुतळाने हात पदराला पुसले, परत पुसले.

"काय उत्तर द्यायचं?" सोनलने विचारलं. "तीन तयार असतात. 'गैरसोयीबद्दल क्षमस्व', 'पुढच्या वेळी काळजी घेऊ'..."

"'गेली का गो?' आसं नाय त्यात?"

"नाही आई."

सोनलने पहिलं दाबलं.

चारला युसुफ दुसरी ऑर्डर न्यायला आला. यावेळी त्याने थट्टा केली नाही. "माझ्या फोनवर 'दाराबाहेर ठेवा' असं होतं मावशी. बेल मारली, फोटो काढला. दार काय उघडलं नाय." पिशवी उचलता उचलता तो म्हणाला, "बाहेर व्हीलचेअर होती, घडी करून. वर पेपरची रद्दी रचलेली."

गावात ज्या घरातलं माणूस जातं तिथे चूल पेटत नाही. शेजारपाजारचे पेज घेऊन जातात. पुतळाने आजवर कितीतरी दारांत टोप नेऊन ठेवले होते.

"युसुफ, पत्ता सांग. मी चालत जाईन. पेज ठेवीन नी येईन."

युसुफने हेल्मेटचा पट्टा उगाच घट्ट केला. "बाईने कंप्लेंट केलीये ना? तुमी दारात गेलात, तर पत्ता कोनी दिला, ते पहिलं मला विचारतील. आयडी बंद झाली तर माझी चूल बंद, मावशी."

"ऱ्हाऊ दे बाबा," पुतळा म्हणाली. "ज्याची त्याला चूल हाय."

तो गेल्यावर तिने मूठभर तांदूळ धुतले. पेज झाली, तशी पार्सलच्या डब्यात ओतली, झाकण चारी कोपऱ्यांना दाबलं, डबा कागदी पिशवीत ठेवला. पिशवीला ऑर्डरची चिठ्ठी लावली नाही. लावायला नव्हतीच.

फळीवरची दोन पार्सलं सरकवून सोनलने त्या पिशवीला जागा करून दिली.