बाबांचा गेज

श्रीधरने पंपाच्या पितळी बुशच्या भोकात माप तपासायचा पोलादी गेज घातला. गेज अलगद आत उतरला, गेली तीस वर्षं उतरत होता तसाच. मग तपासणी खात्यातल्या वासंतीने कालच विकत आणलेला गेज त्याच भोकात घातला. तो तोंडाशीच अडला.

"दुसरा पीस घ्या."

"हा सातवा आहे, सर."

भोकं बारीक म्हणून हॉलंडच्या पंप कंपनीने मागचा सगळा माल परत पाठवला होता. तैवानचा माल स्वस्त होता आणि बसतही होता. शेवटची संधी म्हणून हॉलंडवाल्यांनी पन्नास नमुने मागवले होते आणि चार वाजता कुरिअरवाला येणार होता. हे गिऱ्हाईक गेलं, की कात्रजचा हा कारखाना दिवाळीसुद्धा बघणार नव्हता.

तीन आठवडे श्रीधरने पितळेला, मशीनला, सरकारलासुद्धा नावं ठेवली. फक्त गेजवर संशय घेतला नाही. तो बाबांचा होता. खंडेनवमीला पहिली हळद त्यालाच लागे. भोकात जाऊन येऊन तो झिजून बारीक झाला होता आणि बारीक भोकंही पास करत होता, एवढंच.

आता गेनबाला कसं सांगायचं? श्रीधरला लेथ शिकवणारा हा म्हातारा कारागीर रोज त्याच गेजने माल पास करत होता.

"गेनबा, तुमचा दोष नाही, पण हा गेज—"

"झिजलाय. एका अंगानं चकाकतोय की. तीन वर्सांमागं बोललो हुतो तुमास्नी."

श्रीधरला आठवलं. बाबांच्या वस्तूची परीक्षा घ्यायची नाही, असं तोच चारचौघांत म्हणाला होता. त्याला मान वर करवेना.

गेनबाने नवा गेज उचलला आणि ट्रे पुढे ओढला. साडेतीनपर्यंत पन्नासातले नऊ बुश पास झाले.

"नऊच पाठवायचे?" वासंतीने विचारलं.

"नऊच. पत्रात लिहा, झिजलेला गेज मालकाने तीन वर्षं तपासू दिला नाही."

तिने लिहिलं. खोक्यात बरीच जागा उरली होती. श्रीधरने बाबांचा गेज पुरावा म्हणून त्या जागेत ठेवला.

गेनबाने तो लगेच बाहेर काढला. म्हाताऱ्याने रॉकेलच्या फडक्याने मुठीच्या खाचेत वाळलेली हळद पुसली, गेज उजेडात धरून पाहिला आणि पुन्हा खोक्यात ठेवला.