वरच्या फळीवरचे पाय

मी पाय बनवते, आणि कामावर मोटारसायकलवरून जाते. हे दोन्ही एका दमात सांगितलं की ऐकणारा आधी हसतो, मग चोरून माझ्या पायांकडे बघतो. दोन्ही शाबूत आहेत. उजव्या पोटरीला एक खड्डा आहे तेवढाच. कॉलेजात असताना वाळूवर गाडी घसरली, तेव्हाचा.

आमच्या कारखान्यात येणाऱ्यांपैकी निम्म्यांचा पाय साखरेच्या आजाराने गेलेला असतो आणि निम्म्यांचा दुचाकीवर. साखरवाल्यांना मी दटावते, गोड कमी खा म्हणून. दुचाकीवाल्यांना काही सांगत नाही, कारण माझं हेल्मेट तिथेच टेबलावर पडलेलं असतं आणि माणसं काही आंधळी नसतात. एक शिक्षक नवा पाय लावून बघताना म्हणाले, "बाई, तुम्हाला भीती नाही वाटत?" मी म्हटलं, "तुम्ही लोक जरा यायचे थांबलात तर घाबरायला वेळ काढते." ते पोट धरून हसले. माझ्या जिभेला हाड नाही हे सगळ्यांना ठाऊक आहे.

गाडी सोडायचा विचार येत नव्हता असं नाही. यायचा. मी त्याला बसायला सांगत नव्हते, इतकंच.

कारखान्यात आमची एक रीत आहे. जो कोणी दुचाकी चालवतो, त्याच्या दोन्ही पायांचे प्लास्टरचे साचे करून वरच्या फळीवर ठेवायचे. ही सुतारकाकांची कल्पना. काका पूर्वी दारं-खिडक्या करायचे, आता आमच्या पायांना बाहेरून आकार देतात. एक पाय गेला असेल तर काम सोपं असतं, दुसऱ्याकडे बघून पोटरी घडवता येते. दोन्ही गेले तर बघायचं कशाकडे? म्हणून नमुना आधीच घेऊन ठेवायचा. उरलेलं प्लास्टर वाया जाऊ नये म्हणून सुरू झालेली ही थट्टा, पण आता नवीन कोणी कामाला लागलं की त्याला बाकावर बसवतात, पँट वर करायला लावतात, पट्ट्या वाळेपर्यंत चहा पाजतात. माझे साचे सगळ्यात जुने. त्यांच्यावर धूळ साचली की काका ओरडतात, "ताई, पाय पुसा तुमचे!"

घरी मी यातलं काही बोलले नव्हते. नवरा घरीच शिवणकाम करतो. शांत माणूस आहे, माझ्या गाडीबद्दल त्याने कधी चकार शब्द काढला नाही. लेकीने मात्र नुकतंच शिकाऊ लायसन्स काढलं होतं, आणि "शिकव ना, शिकव ना" करून माझं डोकं खाल्लं होतं. मी आज-उद्या करत होते.

त्याच सुमारास पार्सलवाली आली. दुचाकीवरून घरोघर पार्सलं पोचवायचं काम करायची. वळणावर ट्रकने आत घेतलं आणि दोन्ही पाय गुडघ्याखाली गेले. माझ्या लेकीहून थोडीशीच मोठी. सोबत तिची आई. मी सॉकेट केले, म्हणजे उरलेला पाय ज्यात बसतो तो भाग. बाहेरचा आकार काकांकडे. त्यांना मी एवढंच सांगितलं, "उंची साधारण माझ्याएवढी होती म्हणतात. अंदाजाने करा." आणि मी रजेवर गेले.

काकांनी अंदाज केला नाही. काकांनी शिडी लावली.

मी परतले त्या दिवशी पार्सलवालीला पहिल्यांदा उभं केलं. दोन्ही बाजूंच्या दांड्या धरून ती थरथरत उभी राहिली. टाच नीट टेकतेय का ते बघायला मी मागून वाकले, आणि समोर उजव्या पोटरीवर माझा खड्डा. काकांचा हात चोख, त्यांनी तोही कानशीने घासून तंतोतंत उतरवला होता. वर बघितलं तर काका कौतुकाची वाट बघत उभे होते.

"हे काय इथे?" पार्सलवालीने मान वळवून विचारलं. "हा खड्डा कसला?"

मी तोंड उघडायच्या आत तिची आई खाली बसली. तिने दोन्ही हातांनी त्या पोटऱ्या चाचपल्या. "अगं, लहानपणी पायरीवरून पडली नव्हतीस का? तोच."

"मी? कधी?"

"तुला कसं आठवेल? एवढीशी होतीस."

"भरून देते मी," मी घाईघाईने म्हटलं. "पाच मिनिटांचं काम आहे."

"नको," आई म्हणाली. "हिचे पाय असेच होते. राहू दे."

ती खोटं बोलत होती की तिला खरंच तसं वाटत होतं, हे मला आजही सांगता येणार नाही. मुलगी आईकडे बघत राहिली, मग पुढे बघून तिने एक पाऊल टाकलं. माझा पाय माझ्यापासून लांब गेला.

त्या दोघी गेल्यावर मी काकांवर तोंडसुख घेतलं. विचारल्याशिवाय हात लावलाच कसा, वगैरे. काकांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ताई, ते नुसतेच उभे होते फळीवर. कुणाच्या तरी कामी आले." यावर मी आणखीच चिडले. त्या दिवशीही गाडीवरूनच घरी गेले, आणि नेहमीपेक्षा जोरात गेले. कुणाला काय दाखवायचं होतं कोण जाणे.

पुढच्या आठवड्यात लेक कॉलेज सुटल्यावर कारखान्यात आली, माझ्यामागे बसून घरी जायला. काकांनी तिला बघितलं आणि चेहरा खुलला. "ही आता गाडी चालवणार म्हणे! मग हिचं पण माप घेऊन टाकू. ताई, तुम्हीच घ्या, घरचं काम आहे."

फळीची हकीकत त्यांनीच तिला रंगवून सांगितली. तिला ती भलतीच आवडली. "भारी!" म्हणत ती बाकावर चढून बसली, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, मैत्रिणींना पाठवायला फोटोही काढला. मी तिला पातळ मोजा चढवला, पेन्सिलीने घोट्याच्या आणि गुडघ्याच्या हाडांवर खुणा केल्या. हे काम मी झोपेतही करेन. पट्टी पाण्यात बुडवली, पिळली, तिच्या पायाशी नेली.

पाय गरम होता. डास चावलेला, खाजवून लाल केलेला. गुदगुल्या होतील या भीतीने तिने अंगठा आधीच आखडून घेतला होता.

प्लास्टर कुणासाठी थांबत नाही. पट्टी माझ्या हातातच घट्ट व्हायला लागली.

"वाळली ती," काका म्हणाले. "दुसरी भिजवू?"

"नको. हिचं माप घ्यायचं नाही."

"का?" लेकीने विचारलं.

"तू गाडी चालवणार नाहीस म्हणून."

"आणि तू?"

काका पाठ करून कानस शोधायला लागले. कानस त्यांच्या हातातच होती. मी म्हटलं, "माझी गोष्ट वेगळी. माझा हात बसलाय."

"वर तुझे पाय आहेत ते बाबांना माहितीये?"

"त्यांना कशाला? ती इथली गंमत आहे."

"मग उद्या घेऊन येते त्यांना," ती म्हणाली. "बघू देत गंमत."

ती मोजा काढायला लागली. इतकी वर्षं मी मोठ्या ऐटीत सांगत आले की मला भीती वाटत नाही. वाटत नव्हतीच. पण कुणालाच वाटत नव्हती असं मी कशावरून धरून चालले होते?

गाडी कारखान्याच्या आवारातच ठेवली आणि आम्ही बसने घरी आलो. रागच आला होता, तिचा आणि स्वतःचाही.

नवरा मशीनवर होता. म्हणाला, "गाडी बंद पडली?"

"नाही. मी सोडली."

"आजच्यापुरती?"

"कायमची. विकून टाकते."

"बरं," तो म्हणाला, आणि हातातली शिवण पुरी केली. दोरा दातांनी तोडला.

त्याची मशीन खिडकीशी असते, रस्त्याकडे तोंड करून. उतरतं ऊन तिथे थेट डोळ्यांवर येतं, माझी यायची वेळ होईपर्यंत त्याचे डोळे लाल झालेले असतात. आतल्या भिंतीशी घे, तिथे चांगला दिवा आहे, असं मी कितीदा सांगून बघितलं होतं. इथेच बरं वाटतं, म्हणायचा.

तो उठला, कपडा घडी करून बाजूला ठेवला आणि मशीनची एक बाजू धरली.

"जरा हात लाव," तो म्हणाला. "आत घेऊ या हिला."

मी दुसरी बाजू धरली. मशीन चांगलीच जड होती. ती उचलून आतल्या भिंतीशी नेऊन ठेवेपर्यंत मला मान वर करून त्याच्याकडे बघवलं नाही.