औषधांच्या डब्यातला निळा फुगा

मित्रांनो, औषधांच्या डब्यात तळाशी पडलेला निळा रबरी फुगा म्हणजे मी. मला दाबून सोडलं की मी टोकातून शेंबूड ओढून घेतो; तान्ह्या बाळाचं चोंदलेलं नाक मोकळं करायचं, एवढंच माझं काम.

या घरात मी आलो तो पहिल्या बाळासाठी. ते दोन महिन्यांचं होतं. नाक चोंदल्यामुळे त्याला दूध ओढता येईना. बाबांनी घाईघाईने मला कोरडंच त्याच्या नाकात खुपसलं, तेही पुन्हा पुन्हा. टोकाला रक्त लागलं. "निघेल, अजून एकदा," ते म्हणत राहिले. प्रत्येक श्वासाला बाळाच्या बरगड्यांखाली खड्डा पडत होता, पण सगळ्यांचे डोळे नाकावर. मला दिसत होतं. मला वाचा कुठे? संध्याकाळी त्याला दवाखान्यात नेलं. ते परत आलं नाही. आजार छातीत उतरला होता, असं डॉक्टर म्हणाले.

मला कुणी फेकलं नाही. पाच वर्षं डबा उघडला की आईचा हात माझ्यापाशी थबकायचा आणि मागे जायचा. झाकण लागलं की मला त्या बाळाच्या श्वासाची घरघर ऐकू यायची. तिलाही येत असावी.

मग मुलगी झाली. एका दुपारी तिचंही नाक वाजू लागलं. आईने मला उचललं आणि तशीच शेजारच्या नर्सबाईंना बोलावून आणलं. "ताई, माझा हातच चालत नाही हो."

आतून बघायला नर्सबाईंनी मला कात्रीने चिरलं. आत काळी बुरशी होती. "हा बाळाला लावायचा नाही. नवा आणा."

बाबा धावत जाऊन नवा फुगा आणि नाकात घालायचं मिठाच्या पाण्याचं औषध घेऊन आले. नर्सबाईंनी आधी मुलीचा अंगरखा वर करून तिचे श्वास मोजले, ते नीट चालले होते. मग नाकात दोन-दोन थेंब सोडले, मिनिटभर थांबल्या आणि फुगा आईच्या हाती दिला. "बाहेरच दाबून घे. टोक नाकपुडीच्या तोंडाशी ठेव, आत खुपसू नकोस. आता हळूच सोड."

"किती वेळा करायचं?"

"दूध पाजायच्या आधी. दिवसातून तीन-चारदा, बस."

मुलगी पोटभर प्यायली. आई मात्र लेकीच्या उघड्या छातीकडे बघत बसून राहिली. बाबांनी नवा फुगा कोमट साबणपाण्याने धुतला. स्वच्छ झाला तरी ते कितीतरी वेळ धूतच होते.

मित्रांनो, मी आता कचऱ्यात जाईन, त्याचं दुःख नाही. पण तुमच्या घरी तान्हं भावंड असेल, त्याला धाप लागली, बरगड्या आत ओढल्या जाऊ लागल्या किंवा ते दूध पिईना, तर मोठ्यांना सांगा, लगेच डॉक्टरांकडे चला. आमच्यावर विसंबू नका. आम्हाला फक्त नाक कळतं.