गाडी जड चालते

ती गेल्याचे मला कळले त्या दिवशी माझ्या पुढच्या चाकात हवा नव्हती. सकाळी आठच्या सुमारास तिचा नवरा दवाखान्यातून एकटाच परत आला. त्याच्या हातात तिच्या कपड्यांची पिशवी होती आणि तिच्या चपला होत्या. मुलीने दार उघडले. तिने चपलांकडे पाहिले. तो आत आला, माझ्यासमोर उभा राहिला आणि म्हणाला, "पंप कुठं ठेवलाय?"

"बाबा, आत्ता पंप कशाला?"

"हवा बसलीय हिची."

मुलीने पंप आणून दिला. चाक दगडासारखे घट्ट झाले तरी तो हवा भरतच राहिला. शेवटी मुलीने त्याचा हात धरला. मग दोघेही माझ्याशेजारी फरशीवर बसले आणि रडले. पिशवी दारातच पडून होती. तेव्हा मला समजले.

मित्रांनो, मी एक जुनी सायकल आहे. रंगाने लाल, पोलादाची, आणि वजनाने इतरांपेक्षा जरा जास्त. मला कोणत्याही कारखान्याने बनवलेले नाही. तिचा नवरा वेल्डर. गेट, जिने आणि पाण्याच्या टाक्या बनवणे हे त्याचे काम. ती टपाल वाटायची. रोज वीस-बावीस किलोमीटर, खांद्यावर पिशवी घेऊन, ऑफिसच्या अवजड सायकलवर.

एके दिवशी ती टपाल वाटत असताना त्याच रस्त्याने सायकलींची शर्यत आली. पुढे मोठा चढ होता. ती आपली नेहमीसारखी चढ चढत होती. चढता चढता तिने शर्यतीतल्या तिघांना मागे टाकले. तिसरा धापा टाकत म्हणाला, "ताई, तुम्ही पण शर्यतीत आहात?"

"नाही हो," ती म्हणाली, "मला वरच्या गल्लीत चार पत्रं द्यायचीत."

घरी येऊन तिने ही गोष्ट हसत हसत सांगितली. नवरा हसला नाही. दुसऱ्या दिवशी त्याने तिला भिंतीला टेकवून उभे केले, दोन पायांमध्ये एक जाड पुस्तक धरायला लावले आणि टेपने माप घेतले.

"पाय आहेत की शिडी?" तो म्हणाला.

"बघून, पसंत करून आणलीत ना शिडी? मग बोलायचं नाही."

त्या मापावर माझा सांगाडा तयार झाला. रस्त्यावरची शर्यत आणि डोंगरातली शर्यत यांना खरे तर वेगवेगळ्या सायकली लागतात. तिला दोन्ही करायच्या होत्या आणि घरात जागा एकाच सायकलपुरती होती. म्हणून त्याने मला चाकांच्या दोन जोड्या दिल्या. रस्त्यासाठी बारीक, गुळगुळीत टायरची आणि डोंगरासाठी जाड, खडबडीत टायरची.

पहिल्याच शर्यतीत नावे लिहून घेणाऱ्या माणसाने वर न बघता विचारले, "मुलाचं नाव काय?"

"मुलगा नाही, मीच आहे. वय चौतीस."

तेव्हा त्याने मान वर केली. "बाई, उतार फार वाईट आहे."

"मग चढ चांगला असेल," ती म्हणाली आणि नंबराचे कापड घेऊन आली.

त्या वर्षी बायकांच्या गटात सगळ्या मिळून सातजणी होत्या. रस्त्यावरच्या शर्यतीत जो पुढे असतो तो वारा खातो आणि मागच्यांचे श्रम वाचतात. हे तिला सांगितले तरी पटत नसे. कुणाच्या पाठीमागे लपून जाणे तिला चोरी केल्यासारखे वाटायचे. म्हणून ती सुरुवातीपासून पुढे राहायची आणि शेवटच्या दोन किलोमीटरमध्ये सगळ्या तिला ओलांडून जायच्या. त्यांच्यात शाळेत शिकवणारी एक बाई होती, तिला सगळ्या मास्तरीण म्हणत. तिने एकदा शर्यत संपल्यावर आमच्या चालकिणीला झापले. "अगं वेडे, आज तू आमची भिंत झालीस! पाळीपाळीनं पुढं यायचं असतं. आम्हाला काय हातपाय नाहीत?" तेव्हापासून ती शहाणी झाली, आणि मास्तरीण तिची मैत्रीण.

डोंगरातल्या शर्यती मला जास्त आवडायच्या. तिथे वारा नाही, दगड असतात. ओढा आला की ती मला खांद्यावर घ्यायची. माझ्या नळीने तिच्या खांद्यावर कायमचा काळा डाग पडला होता. मास्तरीण म्हणायची, "नवऱ्यानं दागिना दिला नाही, डाग दिला."

त्यानंतर ती तीन वर्षे चौथी येत राहिली. बक्षीस घ्यायला उभे राहायच्या पायऱ्या तीनच असतात. मग एका डोंगरी शर्यतीत ती दुसरी चालली होती. अर्धे अंतर संपले आणि माझी सीट खाली घसरायला लागली. आदल्या दिवशी नवऱ्याने प्रेमाने सगळे खोलून, पुसून, ग्रीस लावून ठेवले होते. सीटच्या दांड्यालाही भरपूर ग्रीस लावले होते. दगडांवर आपटून आपटून सीट बोटा-बोटाने खाली जात होती. ती तीनदा थांबली, सीट वर ओढली, पेच आवळला. ती पुन्हा चौथी आली.

ती त्याला काही बोलली नाही. पण तो आठवडाभर नीट जेवला नाही. मग एका दुपारी ती टपाल वाटायला गेलेली असताना त्याने मला दुकानात नेले, दांडा तिच्या मापावर आणला आणि वेल्डिंग करून माझ्या सांगाड्याला कायमचा जोडून टाकला. मित्रांनो, असे कोणी करत नाही. सीट खालीवर करता यावी म्हणूनच तर ती वेगळी ठेवलेली असते. पण वेल्डरला हलणारी वस्तू दिसली की त्याचे हात शिवशिवतात.

ती आली आणि बघतच राहिली. "अहो, हे काय करून ठेवलंत?"

"आता हलून दाखव म्हणावं तिला."

"आणि उद्या टिल्लीनं चालवायची म्हटली तर?"

टिल्ली म्हणजे त्यांची मुलगी. ती बापावर गेलेली, बुटकी. तेव्हा आठ वर्षांची होती.

"तिला नवीन बनवीन."

"म्हणजे ही माझ्याच गळ्यात कायमची," ती म्हणाली आणि इतकी हसली की तिला खाली बसावे लागले.

उतारावर सीट खाली असली तर बरे पडते. तिची आता वरच राहायची. म्हणून ती शरीर पार मागे टाकून, जवळजवळ मागच्या चाकावर लोंबकळत उतरायला शिकली. लोक बघायला थांबायचे. पुढच्या वर्षी ती रस्त्यावर तिसरी आणि डोंगरात दुसरी आली. गावच्या वर्तमानपत्रात आम्हा दोघींचा फोटो आला. तो कापून त्याने दुकानात लावला. गेटाचे माप द्यायला येणाऱ्या प्रत्येकाला तो आधी फोटो दाखवायचा, मग टेप काढायचा.

ही चांगली वर्षे सहा होती.

सातव्या वर्षी ती सरावावरून परत आली आणि म्हणाली, "अहो, बघा बरं जरा. गाडी जड चालतेय."

त्याने माझी साखळी काढून धुतली. पुढच्या रविवारी ती पुन्हा म्हणाली, जडच चालते. त्याने चाकांचे बेअरिंग बदलले. नंतर तिसरा रविवार आला. त्याने मला पूर्ण खोलले, एकेक भाग कापडावर मांडला, उजेडात धरून पाहिला. ती शेजारी बसून होती, भिंतीला टेकून. "ब्रेक घासत असेल का?" ती विचारायची. तो ब्रेक सैल करायचा. "टायर बदलून बघू या का?" तो टायर बदलायचा. असे अडीच महिने चालले. मी त्या दिवसांइतकी हलकी आयुष्यात कधी चालले नाही. माझे चाक बोट लावले तरी मिनिटभर फिरत राहायचे. ते थांबेपर्यंत दोघे बघत बसायचे.

जड मी नव्हते, मित्रांनो. तिचे रक्त कमी होत चालले होते. डॉक्टरांनी ते सांगितले तेव्हा पुष्कळ उशीर झाला होता. "अडीच महिने आधी यायला हवं होतं," ते म्हणाले. तो घरी येऊन माझ्याकडे बघत बसला. त्या नजरेत माझ्यावर राग नव्हता. असता तर मला बरे वाटले असते.

ती गेली त्याला आता दोन वर्षे होतील. माझ्यावर चादर घातली गेली. चादरीवर धूळ बसली. साखळी गंजली. महिन्यातून एकदा तो चादर उचलतो, हवा भरतो आणि पुन्हा झाकतो.

गेल्या महिन्यात टिल्लीने चादर काढली. ती सतरा वर्षांची झाली आहे. तिने साखळीला तेल लावले आणि मला बाहेर नेले. तिचे पाय पेडलपर्यंत पुरत नाहीत. ती दर फेरीला कमरेतून डावीकडे-उजवीकडे झुकत होती. संध्याकाळी लंगडत घरी आली.

"बाबा, नाव दिलंय मी. डोंगराच्या शर्यतीत. मास्तरीणबाई शिकवणार आहेत."

"मग नवीन बनवतो ना तुला."

"नवीन नको. हीच पाहिजे. सीट तेवढी चार बोटं खाली करून द्या."

"ती होत नाही खाली. कापावी लागेल."

"मग कापा."

"टिल्ले, तुझ्या आईचं माप आहे ते."

तिने माझ्या सीटवर हात ठेवला. मग म्हणाली, "मला माहितीये. पण मला चालवायचीय, बाबा. नुसती बघायची नाहीये."

त्याने नाही म्हटले नाही. दुसऱ्या दिवशी तो दुकानातून लोखंड कापायचा ग्राइंडर घेऊन आला. टिल्लीला भिंतीला टेकवून उभे केले, जाड पुस्तक दिले, माप घेतले. माझ्या दांड्यावर जिथे कापायचे तिथे खडूने रेघ ओढली. ग्राइंडरची वायर लावली, डोळ्यांना चष्मा लावला. मग बटण न दाबताच त्याने वायर काढली. असे आतापर्यंत चार वेळा झाले आहे.

मित्रांनो, मी सायकल आहे, मला फार कळत नाही. पण एक गोष्ट माझ्या लोखंडाला कळली आहे. घरातले कोणी म्हणाले की गाडी जड चालते, शिडी उंच वाटते, बादली उचलत नाही, तर आधी त्या माणसाला बसवा, त्याच्याकडे नीट बघा आणि त्याला डॉक्टरांकडे घेऊन जा. आमच्याकडे नंतर बघितले तरी चालते. आम्ही थांबतो. आणि मला कापताना दुखेल असे समजू नका. पोलादाला दुखत नाही. जोडले तसे कापताही येते, आणि पुन्हा जोडताही येते.

शर्यत येत्या रविवारी आहे. खडूची रेघ माझ्यावर आहे. दांडा अजून कापलेला नाही.