सहा मिनिटांचं काम

“रंजे, मले माऊस धराले शिकव.”

मी भाकरीचा तुकडा तोंडात असतानाच हसले आणि जोराचा ठसका लागला. याडीनं, म्हणजे माझ्या आईनं, पाण्याचा तांब्या माझ्यापुढे सरकवला आणि ठसका थांबायची वाट बघत बसली. ती मस्करी करत नव्हती.

“तुले? माऊस?” मी म्हटलं. “याडी, आख्ख्या कॉलेजात तुह्याइतकं फास्ट कोणी नाही. आन् आता तू त्या डबीमागं धावशीन?”

“परीक्षेत लागला तर?”

“नाही लागत.”

“तुले काय माहीत? परीक्षा तू घेऊन राह्यली का?”

“मी सांगून राह्यली ना!”

त्या महिन्यात मी कुणालाही काहीही सांगत होते. तालुक्याच्या वक्तृत्व स्पर्धेत पहिली आले होते, आमच्या तांड्यातली पहिलीच पोरगी, आणि तेव्हापासून माझा आवाज आपोआप एक पट्टी वर चढला होता. कंडक्टरला मी थांबा सांगायचे तो भाषण दिल्यासारखा. त्यामुळे याडीलाही भाषणच दिलं. वर शपथ घातली, “माऊसले हात लावशीन तर माही आण आहे तुले.”

ती उठली आणि भांडी घासायला बसली.

माझी याडी, ममताबाई, उमरखेडच्या एका कॉलेजात अकरा वर्षांपूर्वी कॉम्प्युटर लॅब झाडायला लागली, रोजंदारीवर. कागदावर ती अजूनही झाडतेच. बारावी पास असल्याचं तिथं कुणी विचारलं नाही आणि तिनंही सांगितलं नाही. लॅबमधले माऊस चोरीला जातात म्हणून ते कपाटात कुलपात असायचे आणि किल्ली मोठ्या सरांच्या खिशात. दार मात्र सकाळी याडीच उघडायची. म्हणजे समोर बावीस कॉम्प्युटर आणि एकालाही माऊस नाही! फडकं मारता मारता तिनं एक दिवस लॅबच्या संघदीप सरांना विचारलं, “सर, हे माऊस नसला का चालतच नाही का?”

संघदीप सर तेव्हा नवीन होते, आणि नवीन माणसं प्रश्नांची उत्तरं देतात. त्यांनी तिला एक एडिटर उघडून दिला. काळा पडदा, पांढरी अक्षरं, ना चित्र ना बटण. सगळा कारभार कीबोर्डवर.

पुढचं मी स्वतः पाहिलंय. शाळा सुटल्यावर मी लॅबमध्ये जाऊन बसायचे आणि याडी चौदा-चौदा फायली एकदम उघडून काम करत असायची. प्रत्येक वर्गाची हजेरी, वेळापत्रक, परीक्षेचे बैठक क्रमांक. प्रत्येक फाईलला एक नंबर. कोलन, बी, नंबर, एंटर, की फाईल हजर. बी.ए.चं पहिलं वर्ष पाचवर, वेळापत्रक नऊवर. दोनच फायलींमध्ये ये-जा करायची असेल तर कंट्रोल आणि सहा. एकदा दाबलं की मागची, परत दाबलं की पुढची. आणि नंबर विसरला तर नावाची पहिली दोन अक्षरं टाकून टॅब.

“एवढ्या फायली ध्यानात कशा राह्यतेत व तुह्या?” मी एकदा विचारलं होतं.

“तांड्यात हाका मारतो तशाच. आख्खं नाव कायले घ्या लागते? ‘बब’ म्हटलं का बबलू येते.”

“आन् दोन बबलू असले तर?”

“दोघंही वळून पाह्यतेत. मंग अजून एक अक्षर बोलाचं.”

फाईल जतन न करता दुसरीकडे निघालं की तो एडिटर अडवतो, जाऊच देत नाही. ते तिला फार आवडायचं. “माणसाईलेही असंच पायजे होतं,” ती म्हणायची, “काम अर्धं टाकून निघाला का दारातच धरा.”

संघदीप सरही निघून गेले, पुण्याला. त्यांना कुणी दारात धरलं नाही. त्यांच्यानंतर सगळ्या याद्या याडीवर आल्या. ऑफिसातून हाक यायची, “ममताबाई, हे जरा करून द्या.” ते ‘जरा’ संध्याकाळपर्यंत चालायचं. आणि दर जूनमध्ये, यंदा ठेवतात की नाही हे ऐकायला, तीच ममताबाई ऑफिसबाहेर भिंतीला टेकून उभी. एका जूनमध्ये मीही तिच्यासोबत होते. तीन तास. कुणी बस म्हटलं नाही.

म्हणून प्रयोगशाळा सहायकाची जागा निघाली तेव्हा आमच्या घरात दुसरा विषयच नव्हता. ती जागा मिळाली की जूनमधलं ते उभं राहणं संपणार होतं. ते काम ती करतच होती. नुसतं तिच्या नावावर चढायचं बाकी होतं.

परीक्षा रविवारी झाली. मी व्हरांड्यातल्या खिडकीशी उभी होते, गजांना नाक लावून. तीन उमेदवार: याडी, उमरखेडचाच रवी आणि नेरहून आलेला आयुष. परीक्षक बाहेरगावचे होते, पांढऱ्या मिशांचे, सगळ्यांना ‘बसा बसा’ म्हणणारे. त्या दिवशी प्रत्येक कॉम्प्युटरजवळ माऊस होता. याडीनं तो दोन बोटांनी बाजूला सरकवला, ताटातला खडा सरकवावा तसा. मला असा आनंद झाला!

काम सोपं होतं. पाच वर्गांच्या याद्या. बारा पोरांनी वर्ग बदललेला. त्यांची नावं जुन्या यादीतून काढून नव्या यादीत बरोबर जागी बसवायची. वेळ अर्धा तास.

रवी आणि आयुष फायली शोधत होते. एक खिडकी उघड, दुसरी खाली घे, तिसरी कुठं गेली ते बघ. याडीचा पडदा नुसता लुकलुकत होता. यादी, दुसरी यादी, पहिली, चौथी, परत पहिली. तिची बोटं हलत होती, मान नाही. परीक्षक तिच्या मागे येऊन थांबले, हातातल्या कागदाकडे बघितलं, पडद्याकडे बघितलं, परत कागदाकडे. पेन वर धरलेलं तसंच राहिलं.

सहा मिनिटांत याडीनं हात मांडीवर ठेवले.

“झालं साहेब.”

“झालं?” ते वाकले. एकेक यादी तिला दाखवायला लावली, बाराच्या बारा नावं तपासली. “बरोबर आहे हो. पण बाई, तुम्ही केलं कसं ते मला दिसलंच नाही.”

“कीबोर्डवर केलं साहेब.”

“ते ठीक. पण इथं बघा.” त्यांनी कागद तिच्यासमोर धरला. “फाईल मेनूतून उघडली, चार गुण. एका खिडकीतून दुसरीत गेले, चार. मजकूर निवडला, चार. असे दहा रकाने आहेत, आणि मी जे पाहतो त्यालाच खूण करायची. तुमचं तर शेवटचंच दिसलं.” ते खरंच अडचणीत आल्यासारखे वाटत होते. “अजून वीसेक मिनिटं आहेत. एकदा माऊसनं करून दाखवा. सावकाश करा. मी एकेक खूण करतो.”

याडीचा हात माऊसकडे गेला. तिनं तो धरला, आणि मान वळवून खिडकीकडे, माझ्याकडे पाहिलं.

मी मान हलवली. नाही. वर अंगठाही दाखवला, गजांतून हात आत घालून. मला वाटलं, जिंकलोच आहोत; आता कशाला पायावर धोंडा? बाराच्या बारा बरोबर असताना कोण नापास करतं?

तिनं हात मागे घेतला.

“काम झालं आहे साहेब. तपासून झालं ना?”

“हो, पण…”

“मंग राहू द्या.”

परीक्षकांनी कागद मागे घेतला. मग आयुषच्या मागे गेले. तो तेव्हा तिसऱ्या नावावर होता, आणि त्यांचं पेन हलायला लागलं.

बसमध्ये मी विजयी वीरासारखी बडबडत होते. याडी खिडकीबाहेर तुरीची शेतं बघत होती. तांड्याच्या फाट्यावर उतरल्यावर ती एवढंच म्हणाली, “तू नाही म्हटलं म्हणून सोडलं असं नको समजू. मले येतच नव्हता तो.”

आणि येत का नव्हता? ते तिनं विचारलं नाही. आजपर्यंत नाही.

गुरुवारी शाळेतून लॅबमध्ये गेले तर याडी टाइप करत होती. शेजारी ऑफिसचा हातानं लिहिलेला कागद, दहाही रकान्यांचे गुण मांडलेला. कॉलेजातलं सगळं तिच्याकडेच टाइपिंगला येतं, तसं हेही आलं होतं: निवड परीक्षेचा निकाल. आयुष बत्तीस. रवी अठ्ठावीस. ममता चार.

मला ओरडायचं होतं. स्पर्धेत मी सात मिनिटं न अडखळता बोलले होते. इथं नुसता तो कागद परत परत वाचत राहिले. याडीचं टाइपिंग मात्र थांबलं होतं. ती बोट कागदावर ठेवून ओठांतल्या ओठांत काहीतरी मोजत होती. मग कागद घेऊन उठली आणि ऑफिसच्या खिडकीशी गेली.

“भाऊ, याची बेरीज चुकली आहे.”

क्लार्कनं वर न बघताच विचारलं, “तुमची?”

“नाही. आयुषची. छत्तीस होतेत. तुमी बत्तीस लिहिले.”

आता त्यानं वर पाहिलं. तिच्याकडे, मग कागदाकडे. रकाने परत जोडले, खोडलं, छत्तीस लिहिलं आणि कागद परत दिला.

याडीनं जागेवर येऊन आकडा बदलला. तिन्ही नावं एका रेषेत आणली. छापलेला कागद घेऊन आम्ही दोघी सूचनाफलकापाशी गेलो.

“याडी, तुहं नाव काहून टाकलं?” माझा आवाज अगदी बारीक निघाला. “फक्त त्याचंच टाकाचं होतं.”

“तीन जण बसलते ना. तीनच टाका लागतेत.”

मी एकेक पिन पुढे करत होते. वारा होता, कागद फडफडत होता. तिनं तळहात पसरून तो फळ्यावर सपाट धरला, आणि चौथी पिन लाकडात जाईना तेव्हा अंगठ्याचं टोक पांढरं पडेपर्यंत दाबत राहिली.