पॅनेलवरचा तिसरा

मुलाखत दुसऱ्या दिवशी होती आणि मी ड्युटीवरून घरी आले तेव्हा अंगात जीव नव्हता. दोघीजणी रजेवर, म्हणजे त्यांचंही काम आमच्याच डोक्यावर. मनोरुग्णांच्या वॉर्डात इतकी वर्षं काढल्यावर कुणीतरी मला समोर बसवून विचारणार, हे काम तुम्हाला जमेल का, याचाच मुळात राग येत होता. पण इन्चार्ज सिस्टरची जागा हवी होती. या खेपेला हुकली तर नोकरीच सोडणार, असं मी घरात सांगून टाकलं होतं. वर कुणी ऐकत नाही, खाली पुरेशी माणसं नाहीत, मधल्यामध्ये पिचून मी कंटाळले होते.

पॅनेलवर तिघं असणार होते. एक डॉक्टर, एक प्रशासनातले साहेब आणि एक बरा झालेला पेशंट. हे तिसरं खूळ नवीनच निघालं होतं. डॉक्टर काय विचारतात ते मला पाठ होतं. साहेबांना स्वतःचंच बोलणं ऐकायचं असतं. तिसऱ्यापुढे काय बोलायचं ते मात्र कुठल्याच पुस्तकात नव्हतं.

नवऱ्याने सराव घ्यायचं मनावर घेतलं. डॉक्टर आणि साहेब दोन्ही तोच झाला. चष्मा नाकावर ओढून त्याने रजांचं नियोजन विचारलं, मग ताण कसा घालवता ते विचारलं. झोपून, असं म्हटल्यावर त्याने मार्क कापले. तिसऱ्याच्या खुर्चीसाठी त्याने परस्पर दादाला बोलावून घेतलं होतं.

दादा म्हणजे माझा मोठा भाऊ. शिलाई मशीन दुरुस्त करतो. मागे काही महिने तोही अशाच एका वॉर्डात होता, आमच्या नव्हे, दुसऱ्या गावच्या. आमच्याकडे त्या महिन्यांबद्दल 'दादा कामासाठी बाहेर होता' म्हणतात आणि विषय बदलतात. मी रोज हेच काम करते, पण मीही त्याला कधी काही विचारलं नाही. नवऱ्याने कारण सरळ सांगूनही तो आला, याचं मला नवल वाटलं. बोटांना मशीनच्या तेलाचा वास, शर्ट मात्र इस्त्रीचा.

खुर्चीत बसताच त्याने मला अहोजाहो सुरू केलं. नवऱ्याला हसू आलं, मला नाही.

पेशंटने गोळी घ्यायला नकार दिला तर काय कराल, हा त्याचा पहिला प्रश्न. मी घोकलेलं म्हणून दाखवलं. शेजारी बसेन, कारण विचारेन, विश्वासात घेईन.

"एवढा वेळ असतो?" त्याने विचारलं.

खोटं बोलायचंही त्राण नव्हतं. नसतो, म्हणाले. मग दोन-तीनदा समजावतो, नाहीच ऐकलं तर डॉक्टरांना विचारून चौघं धरतो आणि इंजेक्शन देतो, हेही सांगितलं. नवरा चहा ढवळत राहिला. त्याने हे माझ्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. दादा माझ्या हातांकडे बघत होता आणि ते कुठे ठेवावेत मला कळेना.

"शेवटचा प्रश्न," तो म्हणाला. "तुमच्या घरचं माणूस तुमच्या वॉर्डात ठेवाल?"

उत्तर 'हो' असंच द्यायचं असतं. ते तोंडापर्यंत आलंही होतं.

"नाही," मी म्हणाले. "आज आहे तशा वॉर्डात नाही. आधी माणसं मागेन. दिली नाहीत तर भांडेन. मग ठेवेन."

नवऱ्याने चष्मा काढून ठेवला. असं बोललीस तर साहेब तुला लगेच वाटेला लावतील, म्हणाला. त्याचं काही चुकत नव्हतं.

दादा उठून चपला घालू लागला. उद्या हेच सांगू का, मी त्याला विचारलं.

"सांग," तो एकेरीवर येत म्हणाला. "जागा मिळो न मिळो, नोकरी मात्र सोडू नकोस. मला परत तसं झालं, तर तुझ्याच वॉर्डात ठेव."