पिवळा चढत गेला

तैलचित्र शिकवायला घेतलं त्या पहिल्याच दिवशी मामाने बजावलं होतं, "ग्लेझिंग म्हणजे रंग फासणं नव्हे. रंग नखभर, बाकी तेल. खालचं दिसलं पाहिजे. आणि एक थर वाळल्याशिवाय दुसऱ्याला हात लावायचा नाही." माझा स्वभाव उतावळा. वाट बघणं मला जन्मात जमलं नाही, आणि हा माणूस नेमकं तेच शिकवायला बसला होता.

दर रविवारी खिडकीपाशी आई बसायची. तिचा चेहरा मी आधी नुसत्या राखाडीत रंगवला होता. आता त्यावर पारदर्शक थर चढवून कातडीचा रंग आणायचा होता. आई समोर, मामा मागे. चुकायची सोयच नव्हती.

दरम्यान आईचं जेवण अगदी कमी झालं. सारखे हात खाजवायची. "उकाड्याने होतंय," म्हणायची, आणि बाहेर स्वेटर घालावा अशी थंडी! दवाखान्याचं नाव काढलं की विषयाला बगल. मी चिडायची. खरं तर मला भीती वाटत होती.

त्या रविवारी चित्र कपाटातून काढून उजेडात आणलं. चेहरा पिवळा दिसत होता. डोळ्यांतला पांढरा भागसुद्धा.

"मामा, हे बघ."

मामा हसला. "कपाटात ठेवलं होतंस ना? जवसाचं तेल अंधारात पिवळं पडतं, बाई. उगाच डोक्याला ताप करून घेऊ नकोस."

पटण्यासारखं होतं. पण आईच्या पांढऱ्या कॉलरवरही मी त्याच तेलाचा थर दिला होता, आणि कॉलर स्वच्छ होती. म्हणजे पिवळा तेलाचा नव्हता. तो मीच मिसळला होता, समोर बघून बघून, दर वेळी जरासा जास्त.

मी हे सांगेपर्यंत मामाने ब्रश उचलला होता. पिवळ्याला मारणारा पुसट जांभळा कालवून त्याने चेहऱ्यावरून अलगद फिरवला. पिवळा गायब. आई उठून बघायला आली.

"आता कशी मी माझ्यासारखी दिसते," ती म्हणाली. मामाची छाती फुगली.

मी मात्र चित्राकडे बघतच नव्हते. इतके रविवार मी आईकडे गाल, कपाळ, सावली असं तुकड्यातुकड्यांनी बघितलं होतं. तिचा चेहरा हातात धरून मी खिडकीकडे वळवला आणि खालची पापणी ओढली. डोळा पिवळाजर्द होता.

मामाच्या हातातला ब्रश तसाच राहिला. "ताई, कधीपासून?"

"लघवीचा रंग बदलला तेव्हाच कळलं मला," आई म्हणाली. "म्हटलं, पोरीचं चित्र तेवढं होऊ दे. एकदा आत गेले की सोडतात थोडेच."

मला तिला गदागदा हलवावंसं वाटलं. त्याऐवजी मी चिंधी टर्पेंटाइनमध्ये भिजवली आणि मामाचा ओला थर पुसून टाकला. खालचा पिवळा पुन्हा वर आला. मामाने मला अडवलं नाही. तो खाली रिक्षा बघायला गेला.

मी आईच्या पायात चपला सरकवल्या.

"अगं, ओठ राहिलेत अजून," ती म्हणाली.

"परत आल्यावर करू."

तिने माझी हनुवटी वर केली. "आत्ताच नीट बघून घे."